खिडकीतून दिसलेलं माहेर

भाचीचं लग्न उरकून जानेवारीत मी अम्मीला घेऊन हैदराबादहून मुंबईला विमानानं आले. अम्मीचा हा पहिलाच विमानप्रवास. हैदराबाद-मुंबई विमान बऱ्याचदा आपल्या धाराशिव जिल्ह्यावरून जातं, म्हणून पंखाच्या पुढची, उजवीकडची खिडकी मी मुद्दाम मागून घेतली होती. सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूला होतं, त्यामुळे खालचं स्वच्छ दिसत होतं.

अर्ध्या तासाच्या आत तेरणेची वळणं दिसली. मग माकणीच्या धरणाचं पाणी चमकलं. "अम्मी, हे माकणी. तुझं गाव इथंच जवळ."

अम्मीचं माहेर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. त्यात नानी गेली. पुढे लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. वरून ती लगेच ओळखू येतात. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, घरं सारख्या अंतरावर. जुन्या गावांच्या गल्ल्या मात्र वाट मिळेल तशा वळलेल्या.

मी नवं गाव दाखवत होते, पण अम्मीचं तिकडे लक्षच नव्हतं. "कब्रस्तान कुठंय?" तिनं विचारलं. गाव हललं, कबरी तिथंच राहिल्या. नदीच्या वळणाजवळ झाडांचा एक काळपट पट्टा होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ते बघ जुनं गावठाण. बाभळी माजल्यात." एवढ्या उंचीवरून तेच होतं की नाही, मी कशी सांगू? अम्मीनं दुआसाठी हात उचलले. मी वाकून फोटो काढले.

फोन काचेला जवळजवळ टेकवला, फ्लॅश बंद ठेवला आणि मागून ओढणीचा आडोसा केला. त्यामुळे काचेत आपलंच प्रतिबिंब आलं नाही.

घरी आल्यावर एक फोटो मोठा करून घेतला. अम्मी सांगत गेली आणि माझ्या मुलानं मागच्या बाजूला नावं लिहिली: नदी, धरण, शाळा, आड, कब्रस्तान. आजोळची गावं दोन आहेत, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

प्रवासात घरातलं मोठं माणूस सोबत असेल, तर खिडकी त्यांना द्या. फोटो काढा, पण नावंही विचारून लिहून ठेवा. फोटो पुन्हा काढता येईल, नावं सांगणारं माणूस नेहमी सोबत असेलच असं नाही.