वटवाघळांचे छप्पर आणि विकासाचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यातले शीपहाउस वुड हे जुने रान नोव्हेंबर २०२४ पर्यंत त्या पंचक्रोशीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या महिन्यात रेल्वे उद्योगाच्या एका परिषदेत ‘एचएस-टू’ या अतिवेगवान लोहमार्ग प्रकल्पाचे तत्कालीन अध्यक्ष सर जॉन थॉम्पसन यांनी एक आकडा उच्चारला आणि हे रान एकाएकी ब्रिटनच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. रानाच्या कडेने जाणाऱ्या रुळांवर वटवाघळांच्या रक्षणासाठी सुमारे एक किलोमीटर लांबीचे छप्पर उभारावे लागत असून त्यावर १० कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त, खर्च होणार असल्याचे त्यांनी सांगितले. वेगवान गाड्यांमुळे वटवाघळांना अपाय होतो याला पुरावा नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

या वक्तव्याचे पडसाद अपेक्षेप्रमाणेच उमटले. एकेका वटवाघळामागे किती लाख पौंड पडतात, याची गणिते वृत्तपत्रांनी मांडली. पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी डिसेंबर २०२४ मधील धोरणविषयक भाषणात या छपराचा दाखला दिला. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जानेवारी २०२५ मध्ये, बांधकाम व्यावसायिकांना वटवाघळे आणि पाणसरड्यांची चिंता न करता काम करता आले पाहिजे, अशा आशयाची भूमिका घेतली. पुढे नियोजनविषयक नवा कायदाच आला. एका रानावरून सुरू झालेला वाद देशाच्या कायद्यापर्यंत कसा पोहोचला आणि त्यात दोष नेमका कोणाचा, हे तपासून पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

जुने रान म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये जी जमीन किमान इ. स. १६०० पासून अखंडपणे वृक्षाच्छादित आहे तिला ‘प्राचीन वन’ म्हटले जाते. त्या काळापूर्वी मुद्दाम झाडे लावून रान उभे करण्याची पद्धत तेथे फारशी नव्हती. त्यामुळे तेव्हा असलेले रान बहुधा त्याहूनही कितीतरी जुने असणार, असे यामागील गृहीतक. अशी वने आज ब्रिटनच्या एकूण भूभागाच्या अवघी अडीच टक्के उरली आहेत. इंग्लंडमधील एकूण वनाच्छादन सुमारे दहा टक्के आहे. पहिल्या महायुद्धानंतर ते पाच टक्क्यांच्या आसपास घसरले होते आणि त्या धास्तीतूनच १९१९ मध्ये तेथील वन आयोगाची स्थापना झाली.

इंग्लंडच्या लाकूडटंचाईची झळ त्याच्याही शंभर वर्षे आधी मुंबईपर्यंत पोहोचली होती. आरमारासाठी ओकचे लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा ब्रिटिशांनी मलबारच्या सागवानाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांकडून युद्धनौका बांधून घेतल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये जलावतरण झालेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात जतन केलेली आहे. राष्ट्रीय गरजेचे कारण पुढे करून रान खर्ची टाकण्याची परंपरा जुनीच आहे; बदलली आहेत ती केवळ गरजेची नावे.

शीपहाउस वुड हे एकेकाळच्या बर्नवुड या राजवनाचा अवशेष आहे. राजाच्या शिकारीसाठी राखलेले ते विस्तीर्ण वन सतराव्या शतकात मोडीत निघाले, जमीन शेतीखाली आली आणि मागे उरली ती विखुरलेली रानांची बेटे. ओक, ॲश आणि हेझल ही येथील मुख्य झाडे. मात्र ही रानेही माणसाच्या हातापासून अलिप्त होती असे मानणे चुकीचे. हेझलसारखी झाडे ठरावीक वर्षांनी बुंध्यापासून तोडायची, फुटवे वाढू द्यायचे आणि पुन्हा तोडायची, हा क्रम इंग्लंडच्या अशा रानांत शतकानुशतके चालला. कुंपणाच्या काठ्या, सरपण, अवजारांचे दांडे यांचा पुरवठा त्यातून होई. उपयोग होता म्हणून रान टिकले, असेच म्हणावे लागेल.

भोवतालचा प्रदेशही चित्रात दाखवतात तसा निर्भेळ हिरवा नाही. चिकणमातीच्या या सखल भागात कॅल्व्हर्ट येथे विटांचा मोठा कारखाना होता. तो १९९१ मध्ये बंद पडला. मातीच्या उपशाने पडलेल्या खाणींपैकी काहींत तळी झाली, तर काहींत लंडनचा कचरा येऊन पडू लागला. रानाच्या कडेने १८९९ मध्ये सुरू झालेला ग्रेट सेंट्रल रेल्वेचा मार्ग जातो. प्रवासी वाहतुकीसाठी तो १९६६ मध्ये बंद झाला. परंतु कचऱ्याच्या मालगाड्या त्यावरून जात राहिल्या. जवळच कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्पही उभा राहिला. थोडक्यात, शहराला नको असलेले सारे सामावून घेण्याची या परिसराला सवय आहे. अशा ठिकाणी दुर्मीळ वटवाघळे टिकून राहिली, हीच खरी नवलाची गोष्ट.

छोट्या जिवाची मोठी अडचण

बेखस्टाइन जातीचे हे वटवाघूळ ब्रिटनमधील अतिदुर्मीळ सस्तन प्राण्यांपैकी एक आहे. सुतार पक्ष्याने कोरलेल्या जुन्या ढोलीत माद्या एकत्र राहून पिल्ले वाढवतात. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे काही प्रौढ माद्या जरी दगावल्या, तरी वसाहत सावरायला वर्षानुवर्षे लागतात. हे वटवाघूळ झाडोऱ्यातून, पानांलगत उडत कीटक टिपते. उघडे माळरान ओलांडणे ते शक्यतो टाळते आणि भक्ष्यासाठी ढोलीपासून फार दूर जात नाही. म्हणजेच त्याला केवळ एक रान पुरत नाही. एका रानातून दुसऱ्या रानात नेणारी झुडपांची जिवंत कुंपणेही लागतात. शीपहाउस वुड हा परिसर ब्रिटनमधील त्याच्या वास्तव्याच्या उत्तर सीमेवरचा. येथील वसाहत नष्ट झाली तर ती सीमाच दक्षिणेकडे सरकेल.

या जातीला युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार विशेष संरक्षण मिळाले आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरही ब्रिटनने ते आपल्या कायद्यात कायम ठेवले. परिणामी, लोहमार्गामुळे या वसाहतीचे नुकसान होणार नाही, याची काळजी घेणे प्रकल्पाला कायद्याने बंधनकारक ठरले. रुळांवर कमानींचे आच्छादन घालावे, म्हणजे वटवाघळे गाड्यांच्या मार्गात न येता वरून पलीकडे जातील, हा तोडगा त्यातून निघाला.

‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंस्थेने मात्र थॉम्पसन यांचे म्हणणे खोडून काढले. असे बांधकाम करा, अशी सक्ती आपण केलेली नाही. त्याच्या आराखड्याबाबत वा खर्चाबाबतही सल्ला दिलेला नाही, असे संस्थेने स्पष्ट केले. कायद्याची अपेक्षा वसाहतीचे रक्षण व्हावे एवढीच असते. ते कसे करायचे हे प्रकल्पाचे अभियंते ठरवतात. हा भेद राजकीय गदारोळात पार हरवून गेला.

वेगाचा हट्ट

मुळात लोहमार्ग रानाला खेटून गेला कसा? याचे उत्तर वेगात आहे. ‘एचएस-टू’चा मार्ग ताशी ४०० किलोमीटरपर्यंतचा वेग गृहीत धरून आखण्यात आला. वेग जितका अधिक, तितकी वळणे मोठ्या त्रिज्येची, आणि मार्ग तितकाच सरळ. सरळ मार्गाला रान, तळे वा वस्ती चुकवत जाता येत नाही. संपूर्ण मूळ आराखड्यामुळे १०८ प्राचीन वनांना हानी पोहोचेल, असा वुडलँड ट्रस्ट या संस्थेचा आक्षेप होता. वॉरविकशायरमधील कबिंग्टन येथील सुमारे अडीचशे वर्षांचे रानटी नासपतीचे झाड २०१५ मध्ये ‘इंग्लंडचा वर्षातील सर्वोत्कृष्ट वृक्ष’ म्हणून निवडले गेले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये याच मार्गासाठी तोडले गेले. काही ठिकाणी जुन्या रानाची मातीच उचलून नव्या जागी पसरण्याचा प्रयोग झाला. माती नेता येते. परंतु तिच्यातील बुरशीची जाळी आणि झाडांच्या मुळांचे नाते शतकांनी जुळलेले असते, ते ट्रकमधून नेता येत नाही.

चिल्टर्न टेकड्यांच्या नामवंत निसर्गसौंदर्यासाठी १६ किलोमीटरचा बोगदा खणण्यात आला. टेकड्या उतरून चिकणमातीच्या साध्या प्रदेशात आल्यावर मात्र मार्ग उघड्यावर आला. देखण्या भूभागाला एक न्याय आणि सामान्य भूभागाला दुसरा, अशी स्थानिकांची भावना झाली तर तिला निराधार म्हणता येणार नाही. त्यात भर म्हणजे बकिंगहॅमशायरमध्ये या मार्गावर एकही स्थानक नाही. धूळ, अवजड वाहनांची वर्दळ आणि बंद रस्ते यांचा ताप गावांनी सोसायचा. गाडीत बसायचे ते लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रवाशांनी.

दोष कोणाचा?

आता हिशेबाकडे वळू. २०१३ मध्ये लंडनहून बर्मिंगहॅम आणि पुढे मँचेस्टर व लीड्सपर्यंतच्या संपूर्ण जाळ्यासाठी सुमारे ५० अब्ज पौंडांचा अंदाज होता. लीड्सचा मोठा भाग २०२१ मध्ये, तर मँचेस्टरचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला. त्यानंतर उरलेल्या लंडन–बर्मिंगहॅम टप्प्याचाच अंदाज २०१९ च्या किमतींनुसार ४९ ते ५७ अब्ज पौंडांवर गेला. या रकमेत वटवाघळांच्या छपराचा वाटा जेमतेम पाचशेव्या हिश्श्याएवढा आहे. याउलट, लंडनच्या युस्टन स्थानकाच्या फसलेल्या आराखड्यांवरच सुमारे २५ कोटी पौंड खर्च झाल्याचे वाहतूकमंत्री हायडी अलेक्झांडर यांनी जून २०२५ मध्ये संसदेत सांगितले. २०३३ पर्यंत गाड्या सुरू करण्याचे उद्दिष्टही गाठता येणार नाही, हे त्यांनी त्याच वेळी मान्य केले. आराखडे अपुरे असतानाच दिलेली कंत्राटे, सतत बदलणारी व्याप्ती आणि राजकीय दडपण ही दुरवस्थेची कारणे चौकशी अहवालातून पुढे आली. कागदावर राहिलेल्या स्थानकाला वटवाघळांपेक्षा अडीच पट पैसा लागला. पण विनोदाचा विषय झाली ती वटवाघळेच!

अर्थात, थॉम्पसन यांची तक्रार पूर्णतः पोकळ नाही. पहिल्या टप्प्यासाठी विविध संस्थांकडून ८,२७६ परवानग्या घ्याव्या लागल्या, हे त्यांनी दिलेले उदाहरण विचार करायला लावणारे आहे. संसदेने २०१७ मध्ये कायदा करून मंजूर केलेल्या मार्गाला पुन्हा प्रत्येक टप्प्यावर स्थानिक मंजुरीसाठी ताटकळावे लागणे सुज्ञपणाचे नाही. घरांची तीव्र टंचाई असलेल्या देशात १५ लाख घरे बांधण्याचे वचन देऊन आलेल्या सरकारला नियमांचा जाच कमी करावासा वाटणेही स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो उपायाचा.

डिसेंबर २०२५ मध्ये राजाची संमती मिळालेल्या नियोजन व पायाभूत सुविधा कायद्याने असा उपाय सुचवला आहे. बांधकाम व्यावसायिकाने प्रत्येक जागेवर स्वतंत्र उपाययोजना करण्याऐवजी ठरावीक शुल्क भरायचे आणि त्या निधीतून नॅचरल इंग्लंडने व्यापक क्षेत्रासाठी निसर्गसुधारणेचे आराखडे राबवायचे, असे त्याचे सूत्र आहे. नदीतील पोषकद्रव्यांच्या प्रदूषणासारख्या बाबतीत हे सूत्र उपयुक्त ठरू शकते. कारण प्रदूषण नदीच्या खोऱ्यात कोठेही कमी केले तरी लाभ नदीलाच होतो. मात्र प्राचीन वनाचे तसे नाही. विधेयक चर्चेत असतानाच, यामुळे निसर्गाचे विद्यमान संरक्षण कमी होईल, असा इशारा पर्यावरण संरक्षण कार्यालय या वैधानिक देखरेख संस्थेने मे २०२५ मध्ये दिला होता. त्यानंतर सरकारने काही तरतुदी कडक केल्या. तरीही, जे पुन्हा निर्माण करता येत नाही त्याची भरपाई शुल्काने कशी होणार, हा प्रश्न कायम आहे.

ब्रिटनने २०५० पर्यंत इंग्लंडमधील वृक्षाच्छादन १६.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. रोपे लावून ते गाठताही येईल. परंतु नव्या लागवडीतील झाडाला सुतार पक्ष्याने ढोली कोरावी आणि तीत बेखस्टाइनच्या मादीने पिल्लू वाढवावे, यासाठी माणसाच्या अनेक पिढ्या जाव्या लागतात. एवढी प्रतीक्षा करण्याची कुवत कोणत्याही सरकारच्या कार्यकाळात नसते. म्हणूनच खर्चाचा विचार करण्याची योग्य वेळ असते ती नकाशावर रेघ ओढतानाची. ती रेघ रानापासून थोडी दूर सरकवण्याइतका वेग कमी केला असता, तर कदाचित छपराची गरजच भासली नसती. तेव्हा वाचवलेल्या काही मिनिटांची किंमत आता पौंडांत मोजावी लागत आहे. तिचे खापर वटवाघळांच्या माथी फोडणे सोपे असले, तरी हिशेब चुकला तो रेघ ओढणाऱ्यांचा.