कोऱ्या कागदावर सही करू नका!

भोसरी, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बोट गेलं की सुपरवायझर हाताला फडकं गुंडाळून पोराला खासगी दवाखान्यात नेतो आणि वाटेतच बजावतो, ‘डॉक्टरला सांग, घरी लागलं.’ चार दिवसांनी ठेकेदार थोडे पैसे आणि कोरा कागद घेऊन खोलीवर येतो. भाडं थकलेलं, गावाकडे कळवायची लाज. पोरगं सही करतं.

कामगार बंधू-भगिनींनो, ही सही करू नका! तिच्यापायी काय हातचं जातं ते ऐका. पगार १५,००० रुपये, वय २५, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, तर्जनी मुळापासून गेलेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला या वयाच्या २१६.९१ या गुणांकाने गुणा आणि येईल त्याचे १४ टक्के काढा, कारण भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात या बोटाला तेवढी टक्केवारी ठरलेली आहे. झाले २,७३,३०६ रुपये! मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे, कामावर असताना झाला, एवढं दाखवायचं. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज.

हा हक्क कुणी दान दिलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर हेही होतं: जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार, कायमच्या अधू झालेल्याला पोटापाण्याची सोय. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो हक्क राखला आहे.

मग वकील करायचा का? आधी पगाराची स्लिप बघा. ईएसआय कापला जात असेल तर मालकावर दावा नाही, पैसे ईएसआयकडून मिळतात. अपघाताची नोंद झाली, मेडिकल बोर्डाने अपंगत्व नीट ठरवलं, तर वकिलाचं काम नाही. किरकोळ जखमेलाही नाही. पण अपघातच नाकारला, अपंगत्व कमी दाखवलं किंवा घरचा माणूसच गेला, तर एक दिवसही दवडू नका. मृत्यू झाल्यावर वारसांच्या हाती परस्पर टेकवलेले पैसे कायदा भरपाई धरत नाही; रक्कम भरपाईचे दावे चालवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगाराला, स्त्रियांना, दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन लावा. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. भरपाईत टक्का मागणारा वकील मात्र नको; बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, पण पुरावा तेवढा थांबत नाही. काढून ठेवलेला सुरक्षेचा सेन्सर रातोरात मशीनवर परत बसतो, शेजारी उभा असलेला मित्र दुसऱ्या कंपनीत जातो. म्हणून केसपेपरवर ‘कामावर लागलं’ असंच लिहून घ्या, हजेरीचा फोटो काढा, साक्षीदारांची नावं आणि नंबर वहीत उतरवा. जखमी माणूस खाटेवर असेल तर हे काम बायकोने करावं, भावाने करावं, खोलीतल्या सोबत्यांनी करावं. आणि प्राधिकरणाच्या दारात त्याला एकट्याला पाठवू नका; सुट्टी टाका, चौघं मिळून जा.