रात्री कोण जागं असतं?

आमच्या नातेपुत्याच्या अंगणवाडीत भिंतीवर 'रात्र' नावाचा तक्ता आहे. बाजारात मिळतो तसला, साधा. वर चंद्र आणि चांदण्या. मधे एक घर, घरात अंथरुणावर आई, बाबा, ताई आणि बाळ गाढ झोपलेले. एका बाजूला रात्री जागणारे प्राणी : घुबड, वटवाघूळ, दारातला कुत्रा. दुसऱ्या बाजूला रात्री काम करणारी माणसे : पोलीस, पहारेकरी, एस.टी.चा ड्रायव्हर, स्टेशनमास्तर आणि पांढऱ्या टोपीतली एक नर्स. हा तक्ता मी गेली कित्येक वर्षे शिकवते आहे. दात घासा, हातपाय धुवा, देवाला नमस्कार करा, झोपा. रात्री सगळे झोपतात.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीला आलेल्या एका जोडप्याची चार-साडेचार वर्षांची मुलगी काही दिवस आमच्याकडे येत होती. तक्त्यातल्या आईवर बोट ठेवून मी नेहमीसारखे विचारले, "रात्री आई काय करते?" सगळ्या पोरांनी सूर लावला, "झोपतेऽऽ". ती एकटी म्हणाली, "माझी आय न्हाय झोपत. आय गाडी भरती." मी तिला म्हणाले, "अगं, ते तुमच्या कोपीवरचं. इथं चित्रात बघ बरं, आई झोपलीय ना?" ती गप्प बसली. तक्ता खरा आणि पोर खोटी ठरवून मी घुबडाकडे वळले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आली नाही म्हणजे काय, साडेदहाला भांडी आवरून, सासूबाईंचे पाय चेपून, अंगणवाडीची माहिती मोबाइलमध्ये भरून अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि पहाटे चारला पाण्यासाठी उठायचे होते. तेव्हा लक्षात आले की मीसुद्धा त्या तक्त्यात नाही. जे पोरीला कळले ते मला बाई असून कळले नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ता उलटा करून ठेवला आणि पोरांनाच विचारले, "तुमच्या घरात रात्री कोण जागं असतं?" मग काय, कोणाला बोलू देऊ आणि कोणाला थांबवू असे झाले. एकाची आई पहाटे चारला गोठ्यात जाते, म्हशीची धार काढून दूध डेअरीवर पोचवते. एकीची आई आजारी आजीला रात्रीतून तीनदा उठवून बसवते. एकीची आई रात्री शिलाई मारते. एकाचे बाबा रात्रीच्या लायटीवर उसाला दारं धरायला जातात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, रात्रीची पाळी आली की चिखलात, थंडीत उभे राहायचे. तेही तक्त्यात नाहीत. ज्याच्या अंगावर गणवेश नाही त्याचे काम काम नाही, असा त्या तक्त्याचा नियम आहे. आणि घरातल्या बाईला गणवेश कुठून असणार?

कोणी म्हणेल, एवढ्याशा पोरांना काय कळतेय? त्यांच्या डोक्यात हे राजकारण कशाला घालता? मला विचाराल तर राजकारण आधीच घातलेले आहे. आई झोपलेली दाखवणे हेच राजकारण आहे. तिची रात्र पुसून टाकली की तिच्या कामाचा हिशेब मागायला कोणी येत नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि हे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. पुन्हा यात घरकामाला हात न लावणारे पुरुष मोजलेलेच नाहीत.

त्या ऊसतोडीच्या पोरीच्या आईचे पाहा. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. ती पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस सोलते, मोळ्या बांधते आणि रात्री-अपरात्री गाडी आली की डोक्यावर मोळ्या वाहून ती भरते. मुकादमाच्या वहीत ती अर्धी, आणि माझ्या तक्त्यात तर नाहीच. कायद्याचीही गंमत बघा. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात काम करायला सर्वसाधारणपणे बंदी घातली होती. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने ती अटी घालून सैल झाली. म्हणजे साखर कारखान्याच्या आत रात्री बाई नको, पण त्याच कारखान्याची गाडी फडात रात्री दोन वाजता भरणारी बाई चालते. तिला कोणाचे संरक्षण आठवले नाही.

आता काही बाया म्हणतात, बरोबर आहे, मुलांना आईचे कष्ट शिकवले पाहिजेत, आई किती थोर असते, किती सोसते. मैत्रिणींनो, हा दुसरा सापळा आहे. आई झोपलेली दाखवणे आणि आई देवी दाखवणे यांत फार फरक नाही. देवीला मजुरी मागता येत नाही, आणि 'जरा भांडी घासू लाग' असे देवी कोणाला म्हणू शकत नाही. हे मी सांगते त्याला कारण आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून आम्हा अंगणवाडीतल्या बायांना असेच थोर करून ठेवले आहे. आम्ही 'सेविका', आमच्या जोडीची ती 'मदतनीस', आम्हाला मिळते ते 'मानधन'. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० केले आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५०. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आम्ही अंगणवाडीच्या बाया संपावर गेलो, तेव्हा 'लहान लेकरांची पोटं मारता' म्हणून ऐकून घेतले. 'आपले कामकरी' हा धडा मुलांना शिकवणारी बाई स्वतः कामकरी धरली जात नाही. मग ती तक्त्यातली आई तरी कशी उठून बसणार?

तक्त्याचा तिसरा भाग भावनांचा. "अंधारात कसं वाटतं?" पोरं म्हणतात, "भीती वाटते." इथपर्यंत ठीक. पुढचे शिक्षण घरीदारी होते. मुलगा रडला की "बायकांसारखा काय रडतोस?" मुलगी हसत बाहेर निघाली की "दिवेलागण झाली, घरात हो." एकाच्या भीतीला बंदी आणि दुसरीला भीतीची सक्ती. मीही काही वेगळी नाही. माझा मुलगा गणपती बघायला रात्री बारापर्यंत फिरायचा आणि दोन वर्षांनी मोठी असलेली मुलगी खिडकीतून बघायची. तिने विचारले तर मी म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी."

खरी भीती आणि घातलेली भीती यांतला फरक आपण मुलांना शिकवला पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, डिसेंबर २०२० मध्ये बिबट्याने माणसे मारली, त्यात ऊसतोड कुटुंबातली एक लहान मुलगी होती. ही खरी भीती. तिच्यावर उपाय आहेत. कोपीजवळ उजेड, हातात बॅटरी, परसाकडे एकटे न जाणे, शेताला दिवसा वीज, फडावरच्या लेकरांना सांभाळायला पाळणाघर. तक्त्यात घुबड आहे, पण फडातल्या लेकरांनी ज्याची माहिती घ्यायला हवी तो बिबट्या नाही.

आणि घातलेली भीती कोणती? "झोप, नाहीतर पारध्याला देईन." आपल्या भागात हे वाक्य घराघरात आहे. सोलापुरात इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडून हजेरी लावायला भाग पाडले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण आपण तो रोज रात्री पोरांना झोपवताना पुन्हा लागू करतो. पारध्याच्या घरी पोर झोपत नसेल तर ती आई कोणाचे नाव घेत असेल? पोलिसाचे. खऱ्या भीतीला उजेड लागतो आणि सोबत लागते. घातलेल्या भीतीला कुलूप लागते, आणि ते बहुतेक वेळा मुलीच्या दाराला लागते.

वर्षातून एक रात्र मात्र आमच्या गावात निराळी असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्यात पडतो ती रात्र. हजारो बाया उघड्यावर, तंबूत, ओसरीवर झोपतात, रात्री उशिरापर्यंत भजन म्हणतात, आणि पहाटे अंधारात डोक्यावर तुळस घेऊन माळशिरसच्या वाटेला लागतात. "इतक्या रात्री कुठे निघालीस?" असे कोणी विचारत नाही. म्हणजे रात्र बाईला पेलत नाही हे खरे नाही. विठोबाच्या नावावर ती रात्री बाहेर पडू शकते, मालकाच्या कामावर पडू शकते. फक्त स्वतःच्या नावावर पडू शकत नाही.

आणि पडली तर? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिला मारले. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालच्या बाया रात्र आमची आहे म्हणत रस्त्यावर आल्या. तिथल्या सरकारने काय सुचवले? शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये! सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली तेव्हा ते मागे घेण्याची वेळ आली. हे सुचवणारे अधिकारी कधीतरी बालवाडीत बसलेले असणारच. रात्र कोणाची हे ते तिथेच शिकले.

म्हणून माझे खरे भांडण आपल्याशी आहे. आपल्या शिबिरांत हिंसा येते, जमीन येते, रोजगार येतो, आरक्षण येते. बालवाडी आली की आपण म्हणतो, ते गाणी-गोष्टींचे काम, ते बघतील कोणी ताई-माई. ताराबाई मोडकांनी असे मानले नाही. १९४५ साली बोर्डीत त्या आणि अनुताई वाघ कामाला लागल्या. पोरे शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पोरांच्या अंगणात नेली, आणि कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. आपल्या योजनेला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले ते त्या अंगणावरून. अंगणात आई काय करते हे ज्या शाळेला दिसत नाही, तिने ते नाव लावू नये.

आम्ही आता त्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा तक्ता केला आहे. पोरांनी सांगितले आणि मदतनीस बाईंनी काढले. धार काढणारी आई, गाडी भरणारी आई, दारं धरणारे बाबा, रात्रपाळीची नर्स, आणि रात्री भांडी घासणारा एक दादा. दादाचे चित्र पाहून दोन पालक भांडायला आले. एक आई म्हणाली, "माझ्या पोराला बाईलवेडा करू नका." मी म्हणाले, "आज रात्री तुम्ही किती वाजता झोपणार?" ती काही बोलली नाही, पण पोराला अंगणवाडीतून काढलेही नाही.

तुम्हीही करून पाहा. आपापल्या गावातल्या बालवाडीत जा. भिंतीवर काय लावले आहे ते वाचा. पोरांना एवढेच विचारा, रात्री तुमच्या घरात कोण जागं असतं? जे सांगतील ते लिहून आपल्या अंकाकडे पाठवा. मुलींना काय सांगून घरात बसवतात तेही लिहा.

ती ऊसतोडीची पोर हंगाम संपल्यावर गेली. नवा तक्ता तिने पाहिला नाही. पुढच्या हंगामात ती आली तर सगळ्यांसमोर तिला सांगायचे आहे की तिचे उत्तर बरोबर होते, चूक माझी होती.