कोऱ्या टी-शर्टाची दूरची वाट

नऊ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला, की डहाणू-तलासरीच्या गावोगावी तरुणांची मंडळे एकसारख्या टी-शर्टांची मागणी नोंदवू लागतात. पाठोपाठ दहीहंडी, गणेशोत्सव, क्रिकेटचे सामने आणि चैत्रातील महालक्ष्मीची यात्रा येते. छातीवर तारपा नाचाचा फेर आणि पाठीवर मंडळाचे नाव, एवढीच बहुधा अपेक्षा असते. डहाणूतील मसोलीसारख्या वस्तीत एखाद्या खोलीत स्क्रीन मांडून हे काम करता येते. चित्र गावचे, कारागीर गावचा आणि गिऱ्हाईकही गावचे. ज्यावर चित्र उमटायचे तो कोरा टी-शर्ट मात्र हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावरून येतो. आणि या धंद्याचे भवितव्य छपाईच्या कौशल्यापेक्षा त्या कोऱ्या कपड्याच्या भावावरच ठरते.

वस्तुतः कापसाखालील क्षेत्रात महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमागांचा खडखडाट आहे. परंतु यंत्रमागावर निघते ते उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड; टी-शर्टाला लागते ते होजिअरीचे, फासे गुंफून केलेले कापड. त्या विद्येचे आणि व्यापाराचे केंद्र तामिळनाडूतील तिरुपूर येथे आहे. महाराष्ट्राचा कापूस दक्षिणेच्या सूतगिरण्यांत जातो आणि तिरुपूरचा शिक्का घेऊन कपड्याच्या रूपाने परत येतो. प्रत्येक टप्प्यावर वाहतूक, दलाली आणि नफा यांची भर पडते, आणि ती सारी अखेर डहाणूच्या छपाईदाराच्या खरेदीत उतरते.

मग तिरुपूरहूनच थेट माल का मागवू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. अडचण संख्येची आहे. कारखानदाराला एका रंगाचे, ठरीव मापांच्या संचातले शेकडो नग हवे असतात. मंडळाची मागणी साठ नगांची, तीही पाच-सहा मापांत आणि आठवड्याच्या मुदतीने. साहजिकच छपाईदार लोकल धरून मुंबईच्या घाऊक बाजारात जातो. सुरत रेल्वेने जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. पण तिची ख्याती कृत्रिम धाग्याच्या कापडाची. निर्यातीतून उरलेला माल कधी स्वस्तात हाती लागतो. परंतु आज मिळालेला रंग आणि माप पुढच्या महिन्यात मिळेलच, याची शाश्वती नसते.

वारली चित्राने या अडचणीत एक खास भर घातली आहे. हे चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले. म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पांढरी रेषा. पांढऱ्या टी-शर्टावर काळी छपाई सर्वांत स्वस्त पडते. येथे नेमके उलटे हवे असते. रंगविलेला टी-शर्ट पांढऱ्यापेक्षा महाग, गडद कापडावर पांढरी शाई दाट बसवावी लागते, आणि रंग कच्चा असेल तर तो शाईतून वर येऊन पांढरी रेषा गुलाबी करतो. म्हणून येथे केवळ स्वस्त नव्हे, तर पक्क्या रंगाचा कोरा कपडा लागतो.

तो रंग येथेच का देऊ नये? याचे उत्तर डहाणूच्या इतिहासात आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला, प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा घातली. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार स्वतंत्र प्राधिकरणही आले. हे बंधन जाचक वाटणाऱ्यांनी तिरुपूरच्या नोय्यल नदीकडे पाहावे. रंगाईच्या सांडपाण्याने ती इतकी नासली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तेथील शेकडो रंगशाळा बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. डहाणूच्या चिकूवाड्यांशेजारी तोच प्रयोग करणे शहाणपणाचे नाही. कोरा माल बाहेरूनच आणावा लागणार, हे मान्य करूनच विचार केला पाहिजे.

आता व्यवहार पाहू. समजा, कोरा टी-शर्ट १५० रुपयांना पडला, शाई, वीज आणि नासधूस यांस ५० रुपये लागले, आणि मंडळाने २५० रुपये दिले. उरलेल्या ५० रुपयांत छपाईदाराचे श्रम, खोलीचे भाडे आणि चित्रकाराचा मोबदला बसवायचा. कोरा कपडा २० रुपयांनी स्वस्त मिळाला, तर ही बाकी ५० वरून ७० वर जाते. परंतु तेच २० रुपये पातळ, आटणारे कापड घेऊन वाचविले, तर साठ नगांमागे वाचतात १,२००. आणि त्यांतील पाच नग परत आले, तर कापड व छपाई मिळून बुडतात ९००. शिवाय ते मंडळ पुढल्या वर्षी दुसरीकडे जाते. स्वस्ताई आणि हलकेपणा यांतला हा भेद ज्याला उमगत नाही, त्याचे दुकान फार काळ चालत नाही.

अधिक गंभीर गोष्ट पुढेच आहे. कापडाचा भाव व्यापारी ठरवितो, शाईचा भाव कंपनी ठरविते, विक्रीची किंमत मंडळाची वर्गणी ठरविते. मग ओढाताणीत कात्री लागते ती कोणाला? चित्र काढणाऱ्याला. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरी ठरवीत नाही. कोरा कपडा महाग पडला, की नवे चित्र काढवून घेण्याऐवजी जुनीच आकृती फुकट उचलण्याचा मोह वाढतो.

शासन याबाबत काही करीत नाही, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणले गेले. तथापि हजार रुपयांखालील कपड्यावर आधीही तोच दर होता, त्यामुळे या धंद्याला त्यातून काही लाभ नाही. केंद्राच्या वस्त्रोद्योग उद्यानांसाठी अमरावती आणि नवसारी या जागा निवडल्या गेल्या आहेत. नवसारी तर डहाणूच्याच रेल्वेमार्गावर. पण मोठ्या उद्यानातला माल लहान खरेदीदारापर्यंत साठ-साठ नगांनी पोहोचविण्याची व्यवस्था आपोआप उभी राहत नाही.

ती व्यवस्था खालूनच उभारावी लागेल. डहाणू, तलासरी, पालघर येथील दहा-वीस छपाईदार आणि बचत गट यांनी एकत्र येऊन गेरू, काळा आणि पांढरा असे तीनच रंग ठरवावेत. कापडाचे वजन चौरस मीटरला १८० ग्रॅम असे निश्चित करावे. हंगामाआधी एकच मागणी तिरुपूरला नोंदवावी आणि नमुना दोनदा धुऊन, छापून पाहिल्यावरच माल घ्यावा. संघाच्या गोदामातून मग प्रत्येकाने हवी ती मापे हवी तेवढी उचलावीत. यासाठी यंत्राचे कर्ज नको, तीन महिन्यांच्या साठ्यापुरते खेळते भांडवल हवे. सहकारी बँकांनी ते देण्यात जोखीम फारशी नाही, कारण तारण गोदामातच असते. मात्र एक अट हवी : खरेदीत वाचलेल्या प्रत्येक रुपयातला ठरलेला वाटा चित्रकाराला मिळाला पाहिजे.

महाराष्ट्राला सहकार नवा नाही. ऊस आणि दूध यांसाठी जे जमले, ते कोऱ्या टी-शर्टासाठी जमू नये, असे काही नाही. ते जमले नाही, तर तारप्याचा फेर टी-शर्टावर नाचतच राहील. फक्त तो काढणारा हात त्या फेराबाहेर राहील.