आधी पाटकरी नेमा

पांझरा नदीकाठच्या मंडळींना पाणीवाटपाची फड पद्धत मी काय शिकवणार? बंधारा शेतकऱ्यांचा, पाट शेतकऱ्यांचा. एका फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, तंटा झालाच तर पंच. प्रत्येक बंधाऱ्याचा कारभार वेगळा, नदी मात्र एकच.

मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम असंच चालतं. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका तरुणाने ते सुरू केलं. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणीही घ्यावं, आपल्या सर्व्हरवर बसवावं, आपले नियम लावावेत. जळगावच्या सर्व्हरवरचा माणूस धुळ्याच्या सर्व्हरवरच्याशी सहज बोलतो, कारण दोन्हींची बोलायची रीत सामाईक आहे. एखादा सर्व्हर घाण सोडू लागला, तर त्याच्याकडून येणारा पाट बाकीचे बंद करतात.

हे मी आपल्याच भागात का सांगतोय? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, असं जाहीर केलं. मारणारे हात माणसांचेच होते, हे विसरायचं नाही. आणि स्वतःचा सर्व्हर असला म्हणून खोटं थांबतं असंही नाही. पण पाणी तोडायचा निर्णय गावात राहतो, एवढं नक्की.

दोष आहेतच. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं. खासगी निरोपही चालवणाऱ्याला वाचता येतात, म्हणून बँकेचं, घरचं काही तिथे लिहू नका. सर्व्हर बदलला तर तुमचे अनुयायी सोबत येतात, जुनं लिखाण मागेच राहतं.

तरी रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी, एखाद्या वाचनालयाने, अहिराणीत लिहिणाऱ्यांनी हे करून पाहावं. पन्नास माणसं पुरेत. वर्षाची वर्गणी ठरवा, नियम मराठीत लिहून काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा. रोज तासभर बसून तक्रारी निस्तरणारा कोण, हेही आधीच ठरवा; आपल्याकडे उद्‌घाटनाला सगळे असतात, या कामाला कुणी नसतं. तो माणूस मिळाला नाही, तर सर्व्हर घेऊच नका.