कार्ड आहे, पण माल भेटत नाही! वऱ्हाडातल्या केशरी कार्डाचा गुंता नेमका कुठे?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या तहसील कार्यालयांत, पुरवठा शाखेच्या खिडकीवर एक तक्रार हमखास ऐकू येते. कार्ड आहे, आधार जोडलं, अंगठाही लावून पाहिला, पण कंट्रोलवर माल भेटत नाही. शेजाऱ्याचं कार्डही केशरीच, त्याला मात्र दर महिन्याला गहू-तांदूळ मिळतो. तिसऱ्या घरी धान्य नाही, पण घरच्या बाईच्या खात्यात पैसे येतात. यात दरवेळी दुकानदाराचीच लबाडी असते असं नाही. कार्ड मिळणं वेगळं आणि धान्याच्या यादीत नाव लागणं वेगळं. ही दुसरी पायरी अनेक कुटुंबांना कोणी सांगतच नाही, आणि कार्ड हातात पडलं की काम झालं असं समजून ती घरी जातात.

रंग एक, हिशेब तीन

पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं राज्यात १९९९ पासून आहेत. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याच्या वर पांढरं. पण धान्य आता फक्त रंगावर ठरत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. तेव्हापासून कुटुंबाची नोंद कोणत्या गटात आहे, हे महत्त्वाचं झालं.

पहिला गट अंत्योदयचा. घरात माणसं कितीही असोत, कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य. दुसरा प्राधान्य कुटुंबांचा. यात माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. या दोन्ही गटांना जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळतं. आधी गव्हाला किलोमागे २ रुपये आणि तांदळाला ३ रुपये द्यावे लागत.

तिसरा गट एपीएल शेतकऱ्यांचा. तो सगळ्या राज्यात नाही. अमरावती विभागातले पाचही जिल्हे, मराठवाड्यातले आठ आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांपुरताच आहे. या गटाला आता धान्य नाही, रोख पैसे मिळतात.

जे कुटुंब या तिन्हींपैकी एकाही गटात नाही, त्याचं केशरी कार्ड दाखल्यापुरतं. म्हणून कंट्रोलवर भांडण्याआधी एवढंच विचारावं की ऑनलाइन आपलं कार्ड कोणत्या योजनेत दिसतं. बऱ्याच जुन्या कार्डांवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असतो. ‘मेरा राशन’ ॲपवरही ते पाहता येतं.

४४ हजारांची भिंत

प्राधान्य गटात यायचं तर ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत हवं. शहरात ही मर्यादा ५९ हजारांची. कायदा लागू होताना हा आकडा ठरला आणि पुढची दहा वर्षे तोच राहिला. मजुरी आणि किराणा मात्र त्या जागी थांबले नाहीत.

रोजगार हमीच्या सरकारी मजुरीनं हिशेब करून पाहा. २०१४-१५ मध्ये महाराष्ट्रात रोहयोचा रोज १६८ रुपये होता. त्या दरानं ४४ हजार कमवायला एका माणसाला साधारण २६२ दिवस राबावं लागे. २०२५-२६ मध्ये रोज ३१२ रुपये झाला. आता तेवढेच पैसे १४१ दिवसांत होतात. म्हणजे नवरा-बायको दोघं वर्षातून अडीच-अडीच महिने कामावर गेले, तरी कागदावर ते मर्यादेच्या पलीकडे जातात. कुटुंब सुधारलं नाही, पण नियमाच्या हिशेबानं ते गरीब राहिलं नाही.

४४ हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये. घरात पाच माणसं धरली तर दिवसाला माणशी २४ रुपये. यात तेल-मीठ, दवाखाना, शाळा, सगळं आलं. हा आकडा गरिबीचा नाही, उपासमारीचा आहे.

शेतकऱ्यानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विकलेल्या मालाची पूर्ण पट्टी म्हणजे उत्पन्न नव्हे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. साडेपाच क्विंटल कापूस विकला तरी पट्टी ४४ हजारांच्या वर जाते. पण त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचाईचा खर्च गेला की हातात काय उरतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. दाखल्यासाठी तलाठ्याकडे माहिती देताना खर्चही सांगितला पाहिजे. मात्र खोटं हमीपत्र देऊ नये. तपासणीत ते सापडलं की कार्डही जातं आणि तहसीलचे खेटे वाढतात.

इष्टांक भरला, म्हणजे काय?

उत्पन्न बसलं, कागद बसले, तरी अर्ज पडून राहतो. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘इष्टांक भरला आहे.’ इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरवून दिलेली संख्या. कायद्यानं महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी धरली. ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के लोकसंख्या. पुढे ती जिल्ह्यांना आणि तालुक्यांना वाटून दिली.

अडचण अशी की ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेवर लावलेली आहे. तेव्हा अमरावती जिल्ह्यात २८ लाख ८८ हजार आणि अकोल्यात १८ लाख १४ हजार लोक मोजले गेले. त्यानंतर जन्मलेली लेकरं आता सातवी-आठवीत आहेत. २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे येईपर्यंत जुन्याच पोत्यात वाढलेली माणसं बसवायची आहेत.

म्हणून यादीत नवं नाव घ्यायचं तर जुनं नाव जावं लागतं. कोणी वारलं, लेक लग्न होऊन गेली, कुटुंब कायमचं पुण्या-मुंबईला गेलं किंवा ई-केवायसी न केल्यानं नाव वगळलं गेलं, की जागा मोकळी होते. यातून दोन कामं निघतात. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्यावी. मजुरीसाठी बाहेरगावी असलेल्यांना राज्यात कोणत्याही रेशन दुकानावर ती करता येते. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा उठत नसेल तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवूनही होते. मेळघाटातून धारणी-चिखलदऱ्याची जी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात, त्यांच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं.

आणि ज्यांचं नाव नाही, त्यांनी गावाची यादी मागावी. पात्र कुटुंबांची यादी लोकांना दिसेल अशी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती ग्रामसभेत वाचायला लावली, तर वारलेल्यांच्या नावावर माल उचलला जातो का, ट्रॅक्टरवाला आणि नोकरीवाला यादीत कसा, हे गावासमोर येतं. जागा अशाच मोकळ्या होतात.

धान्याचे झाले १७० रुपये

वऱ्हाडातला शेतकरी पूर्वी घरची ज्वारी खात होता. कपाशीच्या जोडीला सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेरा आटला. विकायला पीक आहे, पण कोठीत वर्षाचं धान्य नाही, अशी अवस्था खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर, तेल्हाऱ्यापासून बऱ्याच तालुक्यांत आहे. शेतकरी असूनही पीठ विकत घ्यावं लागतं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारनं २४ जुलै २०१५ रोजी निर्णय घेतला. १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना, अन्न सुरक्षा यादीत नाव नसलं तरी, माणशी ५ किलो धान्य २ आणि ३ रुपयांनी मिळू लागलं.

सात वर्षे ते चाललं. २०२२ मध्ये उन्हाच्या लाटेनं उत्तरेत गव्हाला फटका बसला. युक्रेनच्या युद्धानं जगात गहू महागला आणि व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा जास्त दर दिला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. कायद्याबाहेरच्या योजनांना केंद्राकडून मिळणारं धान्य थांबलं. मग राज्यानं २८ फेब्रुवारी २०२३ ला ठरवलं की धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये द्यायचे, तेही जानेवारी २०२३ पासून. गंमत पाहा, ज्या महिन्यापासून यादीतल्यांचं धान्य फुकट झालं, त्याच महिन्यापासून शेतकऱ्यांच्या धान्याचे पैसे झाले. एप्रिल २०२४ पासून ही रक्कम १७० झाली.

१७० रुपये म्हणजे किलोमागे ३४ रुपये. गावच्या किराणा दुकानात आज गहू आणि तांदूळ काय भावानं मिळतो, ते ज्याचं त्यानं ताडून पाहावं. खरा फरक भावापेक्षा दुसरीकडे आहे. ५ किलो धान्य हे बाजार चढला तरी ५ किलोच राहतं. १७० रुपये मात्र भाव वाढला की आपोआप कमी धान्याचे होतात. दुसरं म्हणजे, प्राधान्य कुटुंबाचं धान्य हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ते मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. १७० रुपये शासन निर्णयावर चालतात. एका निर्णयानं आले, दुसऱ्या निर्णयानं बदलू शकतात.

तरीही रक्कम सोडून देण्यासारखी नाही. पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५० आणि वर्षाला १०,२०० रुपये होतात. पैसे घरातल्या कर्त्या महिलेच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. बाईची दोन-तीन खाती असतील तर आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते आधी बँकेत विचारावं. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणताना ते कधी कधी विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतात.

सातबारा नाही, त्याचं काय?

सगळ्यात जास्त कोंडी भूमिहीनांची आहे. केशरी कार्ड असलेला मजूर इष्टांकामुळे प्राधान्य यादीत नाही आणि सातबारा नसल्यानं शेतकरी गटातही नाही. ज्याच्या शेतात तो निंदायला जातो त्याला १७० रुपये मिळतात, याला काहीच नाही. मक्त्यानं किंवा बटईनं शेत करणाऱ्याचंही तेच. बापाच्या नावावर सातबारा असलेला वेगळा राहणारा मुलगा आणि वारसनोंद न झालेली विधवा सून, ही माणसं शेतात दिसतात, कागदावर दिसत नाहीत. अशा घरांनी फेरफाराचं काम मागे टाकू नये. ज्यांचं उत्पन्न खरोखर ४४ हजारांच्या आत आहे, त्यांनी प्राधान्य गटासाठीच लेखी अर्ज करून ठेवावा. इष्टांक भरला असेल तरी अर्ज नोंदवून घ्यायला लावावा. जागा निघाल्यावर आपला अर्ज आधीपासून होता, हे दाखवायला कागद लागतो.

असंघटित मजुरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ई-श्रम पोर्टलवर नोंद असूनही रेशन कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी लोकांना, इष्टांकाची अट आड न आणता कार्ड द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये राज्यांना बजावलं. ई-श्रम कार्ड असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडावी.

अर्ज कुठे अडतो?

नव्या कार्डासाठी नमुना १, नाव वाढवायला नमुना ८ आणि नाव कमी करायला नमुना ९ असतो. सर्वात जास्त अडते ती नवी सून. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही. त्यामुळे आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणावा. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एका अक्षरानं वेगळं असलं तरी अर्ज मागे येतो, हे भरण्याआधीच तपासावं.

अर्ज सेतूवर भरा की तहसीलमध्ये, तारखेची पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका. रेशन कार्डाच्या सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ मध्ये येतात. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जातं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. धान्याच्या तक्रारीसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे क्रमांक फुकट आहेत. या सगळ्याला आधार त्या पावतीचाच. तोंडी मारलेल्या चकरांची नोंद कुठेच होत नाही.

उत्पन्नाची मर्यादा वाढवणं आणि इष्टांक नव्या लोकसंख्येवर आणणं, ही कामं तहसीलदाराच्या हातची नाहीत. ती मुंबई आणि दिल्लीत व्हायची आहेत, आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारली पाहिजेत. गावाच्या हातात आज जे आहे ते एवढंच, की पुढच्या ग्रामसभेत रेशनची यादी मोठ्यानं वाचून घ्यायची आणि ज्याचं नाव नाही त्याचा अर्ज त्याच आठवड्यात पावतीसह दाखल करायचा.