प्रिंटरचं झालं, आता धुण्याचं बोला

लोहाऱ्याहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. (लोहारा म्हणजे यवतमाळला लागून असलेलं, धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे.) एमआयडीसीत एक गाळा बघून ठेवलाय, रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घ्यायचाय. यवतमाळ-अमरावतीच्या डेंटल लॅबना दातांची मॉडेल्स करून द्यायची आणि आजूबाजूच्या कारखान्यांना सुट्या भागांचे नमुने, असा बेत आहे. कोटेशनमध्ये प्रिंटरच्या खाली आणखी एक ओळ आहे, ‘ऑटोमॅटिक वॉश अँड क्युअर’. त्याचा प्रश्न एवढाच, “दादा, ही ओळ खोडली तर बरेच पैसे वाचतात. धुवायला एक पोरगा ठेवतो. चालेल ना?”

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण या एका ओळीत या धंद्याचं सगळं दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोहाऱ्यात रेमंडची डेनिमची गिरणी आहे. तिथल्या कोणत्याही कामगाराला विचारा, कापड मागावरून उतरलं म्हणजे तयार झालं का? तो हसेल. त्यानंतर गॅसच्या ज्योतीवरून नेऊन बारीक तंतू जाळायचे, पुढे आकसणार नाही म्हणून कापड आधीच आकसून घ्यायचं, मग कुठे गठ्ठा बांधायचा. जीन्स शिवून झाल्यावर धुलाई वेगळीच. थ्रीडी प्रिंटिंगचं अगदी तसंच आहे, फक्त व्हिडिओत मागच दाखवतात, फिनिशिंग दाखवत नाहीत.

रेझिन प्रिंटरमध्ये प्रकाशाने द्रव थराथराने घट्ट होत जातो. वस्तू बाहेर येते तेव्हा तिच्या अंगावर न घट्ट झालेल्या रेझिनचा चिकट थर असतो, काकवीत बुडवून काढल्यासारखा. तो धुवायचा, वाळवायचा, मग अतिनील प्रकाशाखाली पक्का करायचा. धुणं कमी झालं तर खाचा बुजतात आणि माप चुकतं. जास्त वेळ भिजवलं तर वस्तू फुगते, बारीक तडे जातात. डेंटल मॉडेलवर ही चूक म्हणजे रुग्णाच्या तोंडात न बसणारी कॅप.

बाकीच्या पद्धतींतही सुटका नाही. नायलॉनच्या भुकटीतून भाग उकरून काढावे लागतात आणि काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून साफ करावे लागतात. धातूच्या भागात आतल्या नळ्यांमध्ये भुकटी अडकते. ती काढायला बंद पेटीत भाग दोन अक्षांवर फिरवून थरथरवणारी यंत्रं जर्मनीतली सोलुकॉन बनवते, कारण टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमची भुकटी हवेत उडाली की स्फोटाचा धोका असतो. अमेरिकेतली पोस्टप्रोसेस टेक्नॉलॉजीज ही कंपनी तर फक्त या ‘नंतरच्या’ कामासाठी २०१४ मध्ये उभी राहिली.

आपल्याकडे काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. जागतिक बाजारात ५ टक्के वाटा, १०० नवे स्टार्टअप, ५०० उत्पादनं, १ लाख कुशल माणसं, हे त्यातले आकडे बातम्यांत आले. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उघडण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण या लॅबमधले प्रिंटर बहुधा प्लॅस्टिकच्या तारेवर चालणारे. आधाराचे तुकडे तोडले की वस्तू हातात. त्यावर शिकलेल्या पोराला वाटतं, प्रिंट झालं म्हणजे काम झालं. मग तो रेझिनचा धंदा टाकतो आणि धुण्याची ओळ खोडतो.

आता ‘पोरगा ठेवतो’ याबद्दल.

धुण्यासाठी सर्रास वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोलीत आयपीए. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सिअस. म्हणजे त्याहून जास्त तापमानात त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात. यवतमाळात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर आपण त्या रेषेच्या वरच असतो. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात, उघड्या टबात आयपीए आणि शेजारी कूलरची मोटर, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. न घट्ट झालेल्या रेझिनमधली अ‍ॅक्रिलेट रसायनं त्वचेला अ‍ॅलर्जी लावतात, आणि ती एकदा लागली की सहसा आयुष्यभर जात नाही. पुढे दातात रेझिनचं फिलिंग भरायची वेळ आली तरी त्रास होऊ शकतो. पातळ नायट्राइल हातमोज्यातूनही ही रसायनं काही मिनिटांत आत झिरपतात. म्हणून मोजे सारखे बदलायचे असतात. महिनाअखेरी खोक्यातले मोजे संपले की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

स्वयंचलित यंत्र करतं तरी काय? टोपलीत भाग ठेवायचे, झाकण लावायचं. टाकीतला द्रव पंपाने किंवा ध्वनिलहरींनी घुसळला जातो. वेळ ठरलेली, मोठ्या यंत्रांत तापमान आणि द्रवाची पातळीही सेन्सर सांभाळतात. माणसाचा हात द्रवात जात नाही. पहिल्या आणि पन्नासाव्या भागाची धुलाई सारखी होते. इथे मजुरी स्वस्त आहे, त्यामुळे पगार वाचवून यंत्राचे पैसे निघणार नाहीत, हे मान्य. पैसे निघतात ते परत येणाऱ्या मालातून. लॅबने महिन्यात चार मॉडेल्स परत पाठवली तर पाचव्या महिन्यात ती लॅब दुसरीकडे जाते.

तरी लाखोंची औद्योगिक यंत्रं घ्या असं मी म्हणत नाही. एका प्रिंटरला ती परवडणारच नाहीत. टेबलावर मावणारी छोटी धुलाईपेटी घ्या, टाक्या मात्र दोन ठेवा: पहिलीत मळका द्रव, दुसरीत स्वच्छ. जमल्यास आयपीएऐवजी ग्लायकॉल इथर वर्गातला ट्रायप्रोपिलीन ग्लायकॉलचा द्रव वापरा. त्याचा फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या वर आहे. वाळायला वेळ लागतो, नंतर पाण्याने खळबळावंही लागतं, पण उन्हाळ्यात झोप लागेल. मोठं यंत्र हवंच असेल तर ते सामायिक सुविधा केंद्रात असावं. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या क्लस्टर योजनांत, केंद्राच्या आणि राज्याच्याही, अशा केंद्रांना अनुदानाची सोय आहे. दहा गाळेवाल्यांनी एकत्र येणं हे यंत्रापेक्षा अवघड, ते वेगळं.

राहिला मळका द्रव. त्यात रेझिन साधारण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की धुलाई नीट होत नाही, बदलावाच लागतो. वापरलेली सॉल्व्हंट्स २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. नालीत ओतायची नाहीत. विदर्भाचं घातक कचरा प्रक्रिया केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. ‘पाण्याने धुता येणारं’ रेझिन घेतलं तरी ते पाणी विषारीच असतं. पारदर्शक डब्यात उन्हात ठेवून रेझिन घट्ट होऊ द्यायचं, गाळायचं, गाळ वेगळा ठेवायचा, आणि गाळलेलं पाणीही नालीत न सोडता त्याच कचऱ्यासोबत द्यायचं.

तेव्हा भाऊ, ती ओळ खोडू नका. उलट पुरवठादाराला सांगून कोटेशनमध्ये आणखी दोन ओळी वाढवून घ्या: महिन्याला किती द्रव लागेल, आणि वापरलेला द्रव कोण, काय दराने उचलून नेईल. दुसऱ्या ओळीवर तो गप्प बसला तर गाळ्याचा करार सध्या थांबवा.